बंडूचा खंडू झाला, त्याची गोष्ट (व्हाया वाई)

रविवार, सकाळचे साडेसहा. कात्रजचा बोगदा मागे पडलाय. ड्रायव्हिंग सीटवर नवरा, शेजारी सासरे, मागे मी आणि माझ्या मांडीवर अर्धा पसरलेला, खिडकीतून नाक बाहेर काढून बसलेला आमचा कुत्रा. वीकएंडला पुणेकर गाडी काढून वाईकडे निघतात यात नवल काहीच नाही. ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, पसरणी घाटातून वर पाचगणी आणि संध्याकाळी घरी. एकदम सोप्पा प्लॅन!

माझ्या पोटात मात्र गोळा आला होता. ज्या आजींकडे आम्ही चाललो होतो, त्यांना चार महिन्यांपूर्वी मी एक शब्द दिला होता. आणि तो मोडला होता.

शब्द होता कुत्र्याच्या नावाचा. हसू नका. मलाही आधी हसूच आलं होतं.

'नाव तेच ठेवाल ना?'

जुलैमध्ये ऑफिसच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. कॉफीच्या रंगाचा देशी कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला. खाली लिहिलं होतं, 'प्रेमळ आहे. घर हवंय.' असे फोटो आपण रोज बघतो आणि पुढे सरकतो. या वेळी नाही सरकता आलं. त्या पडलेल्या कानाचा दोष!

फोटोतलं घर वाईचं निघालं. गणपती आळीच्या मागचं जुनं, लाकडी खांबांचं. घरात एकट्या आजी, शाळेतून रिटायर झालेल्या मराठीच्या बाई, वय शहात्तर. गुडघ्याचं ऑपरेशन करून त्या लेकीकडे बंगळुरूला राहायला जाणार होत्या. दहावा मजला आणि जावयाला कुत्र्याची अ‍ॅलर्जी. म्हणजे विषयच संपला.

आम्ही न्यायला गेलो तेव्हा आजींनी सगळी तयारी करून ठेवली होती. एक स्टीलचं ताट, एक विरलेली सोलापुरी चादर आणि लसीकरणाचं पुस्तक. त्यावर फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात नाव : बंडू.

गाडीत बसताना आजींनी माझा हात धरला. 'नाव तेच ठेवाल ना गं?'

'हो आजी, तेच!' मी म्हणाले. ताबडतोब. अशा वेळी दुसरं काय म्हणणार?

गाडी वळणावर आल्यावर नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. 'बाबांना काय सांगणारेस?'

इथे एक खुलासा करायला हवा. माझ्या सासऱ्यांचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त आहे. पण घरात ते बंडू. पुतण्यांचे बंडूकाका, भाच्यांचे बंडूमामा. आता मला सांगा, सकाळी सात वाजता जिन्यात उभं राहून 'बंडू, शी झाली का?' असं मी कोणत्या तोंडानं ओरडू?

मोका की मोक्का?

मग सुरू झाला नामकरणाचा सोहळा. नवऱ्यानं नाव काढलं 'मोका'. कॉफीचा रंग, म्हणून मोका. स्टायलिश, छोटं, इन्स्टाग्रामवर शोभणारं. मला पण आवडलं.

सोसायटीला नाही आवडलं. 'मोक्का? कुणाला लावला?' पहिल्याच दिवशी सेक्रेटरी काकांचा पीजे. आपल्याकडे १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदा आला आणि पेपरवाल्यांनी त्याचा 'मोक्का' करून टाकला, हे आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. वॉचमन तर त्याला बघून हात वर करायला लागला.

सासूबाईंना ते नाव जिभेवर बसेना. त्या 'बाळ्या' म्हणायच्या. कामाच्या मावशी म्हणायच्या 'मोत्या', कारण कुत्रा म्हटल्यावर दुसरं काय! नवरा लाडात आला की 'ब्रो'. सासरे काहीच म्हणायचे नाहीत. नुसती चुटकी वाजवायचे.

म्हणजे दोन आठवड्यांत बिचाऱ्याला चार नावं आणि एक चुटकी. तो प्रत्येकाकडे शांतपणे बघायचा आणि दारापाशी जाऊन सोलापुरी चादरीवर पडायचा. जिन्यात कुणाची पावलं वाजली की मान वर. पावलं पुढे गेली की मान खाली. दुधात कुस्करलेली भाकरी तेवढी खायचा. आपण त्याला घर दिलं म्हणून आम्ही फुशारून गेलो होतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं घर, त्याचं माणूस आणि त्याचं नाव, तिन्ही गोष्टी एकाच दुपारी गेल्या होत्या.

खाणीच्या कडेला

आमच्याकडे रविवारची सकाळ म्हणजे वेताळ टेकडी. पुण्याच्या हद्दीतली ही सगळ्यात उंच टेकडी. वर वेताळाचं देऊळ, खाली जुन्या दगडखाणीत साचलेलं पाणी, मधूनच मोरांच्या आरोळ्या. सासऱ्यांचा ग्रुप इथे नियमित येतो. सगळे साठीच्या पुढचे, सगळे कॅनव्हास शूजवाले आणि सगळ्यांना सगळ्यातलं कळतं!

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यालाही नेलं. मोर ओरडला, हा दचकला आणि पट्ट्यातून मान काढून सुसाट सुटला. थेट खाणीच्या दिशेनं. पावसानं कड निसरडी झालेली.

'मोका! मोका!' मी आणि नवरा घसा फोडून ओरडत होतो. त्याला पत्ताच नाही. तो शब्द त्याचा नव्हताच. पत्र्यावर पाऊस वाजावा तसा आमचा आवाज त्याच्या कानावरून जात होता.

आणि मागून एक हाक आली. खणखणीत.

'बंडू! ए बंडू! इकडे ये!'

तो जागच्या जागी थांबला. वळला. दोन्ही कान उभे, पडलेलासुद्धा! आणि शेपूट हलवत सासऱ्यांच्या पायाशी येऊन बसला.

टेकडीवर शांतता. मग ग्रुपमधला एक जण म्हणाला, 'बंड्या, लेका, स्वतःलाच काय हाका मारतोस?' आणि सगळे खो खो हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी पट्टा घट्ट केला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले.

रात्री जेवताना ते म्हणाले, 'ताई गेल्यापासून ए बंडू म्हणून कुणी हाकच मारली नव्हती. काका, मामा, आजोबा, सगळं म्हणतात. नुसतं बंडू म्हणणारं घरात कुणी राहिलं नाही. आज हाक ऐकली, तर मारणारा मीच.'

आम्ही ताटात बघत बसलो.

'पण नाव बदलू या,' तेच पुढे म्हणाले. 'एका घरात दोन बंडू म्हणजे गोंधळ. फक्त त्याला ऐकू येईल असं नाव ठेवा. तुम्हाला आवडेल असं नको.'

नावाचा फंडा

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत सगळा फंडा क्लिअर केला. आपल्यासाठी नाव म्हणजे ओळख, घराणं, आठवणी. कुत्र्यासाठी नाव म्हणजे एक आवाज. 'इकडे बघ, काहीतरी चांगलं होणार आहे,' एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे कोणत्याही वयाचा कुत्रा नवं नाव शिकतो. म्हातारासुद्धा. मात्र तो आवाज रोज तोच हवा आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडून तोच यायला हवा. आधीच्या घरी नाव घेऊन मारलं असेल, तर बदललेलंच बरं. कारण त्या आवाजानं त्याला भीतीच आठवते. पण जुनं नाव प्रेमाचं असेल, तर त्याच्या जवळपासचं काहीतरी निवडा. शिकायला सोपं जातं.

बंडूच्या जवळपासचं? सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. 'खंडू.'

बसलं! खंडोबाच्या मूर्तीत, चित्रांत त्याच्याबरोबर कुत्रा असतोच, त्याच्या भक्तांना वाघ्या म्हणतात आणि गावोगावच्या कुत्र्यांचं नावही वाघ्याच. म्हणजे देवाला काही ऑब्जेक्शन असायचं कारण नव्हतं. मोक्का मागे घेण्यात आला.

पहिला आठवडा 'बंडू-खंडू' असं जोडीनं. म्हटलं की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. तोही चिडून, घाईत किंवा काही फोडलेलं असताना म्हणायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात 'बंडू' हळू आवाजात, 'खंडू' जोरात. तिसऱ्या आठवड्यात फक्त 'खंडू'. सासूबाईंनी 'बाळ्या' सोडलं, मावशींनी 'मोत्या' सोडलं, नवऱ्याचं 'ब्रो' सुटायला जरा वेळ लागला. गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून नुसतं 'खंडू' म्हटलं आणि तो चादरीवरून उठून आला. चिकन नव्हतं, काही नव्हतं. आला, माझ्या पायावर हनुवटी ठेवली आणि झोपला.

महापालिकेच्या परवान्यासाठी फॉर्म भरला, त्यावर 'खंडू' लिहिलं. ऑफिशियल! लसीच्या पुस्तकातलं ते वळणदार 'बंडू' मात्र खोडवेना. त्याच्याखाली बारीक अक्षरात नवं नाव लिहिलं.

आणि नोव्हेंबरमध्ये आजींचा फोन आला. ऑपरेशन छान झालं होतं. घराच्या विक्रीच्या कागदांवर सह्या करायला त्या आठ दिवस वाईत आल्या होत्या. 'बंडूला घेऊन या एकदा. मग काय मी परत येणार नाही.'

नावं बदलणाऱ्यांचं गाव

तर असे आम्ही त्या रविवारी निघालो होतो. शिरवळला चहा, खंबाटकी चढून उतरलो, सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो आणि वाईचा रस्ता लागला. शेतांत ऊस, हळद आणि लांबवर डोंगरांच्या कडा. आजींनी दहानंतर बोलावलं होतं, हातात वेळ होता. खरं सांगायचं तर मीच वेळ काढत होते.

वाईत सात घाट आहेत आणि प्रत्येक घाटावर पाळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव होतो. गणपती घाटावर ढोल्या गणपती. सरदार गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एवढी अगडबंब, की 'ढोल्या' हे नाव लोकांनी लाडानं ठेवलं आणि तेच चिकटलं. देवळाच्या मागच्या भिंतीला माशासारखं टोक काढलंय. पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. काय डोकं लावलंय!

आम्ही आळीपाळीनं दर्शन घेतलं. एक जण आत, बाकीचे खंडूबरोबर पायऱ्यांवर. सासरे पाण्याकडे बघत म्हणाले, 'हे विराटनगर म्हणतात, माहितीये? पांडवांचा अज्ञातवास इथला.' इथल्या लोकांची तशी श्रद्धा आहे. जवळच्या किल्ल्याचं नावही वैराटगड. मी मनात उजळणी केली. युधिष्ठिर झाला कंक, भीम झाला बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. एक अख्खं वर्ष सगळं कुटुंब दुसऱ्याच नावांनी जगलं आणि ओळखलं जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलं. आज माझी अवस्था डिट्टो तशीच होती!

तिथून तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. इतिहासवाल्यांना हे गाव मोडीतल्या 'मेणवली दप्तरा'मुळे माहीत आहे आणि बाकी सगळ्यांना २००४ च्या 'स्वदेस'मुळे. सिनेमात याच गावाचं 'चरणपूर' झालं होतं. बघा, म्हणजे गावांचीसुद्धा नावं बदलतात. गाव तेच राहतं.

घाटावर देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलीय. ती जवळून बघा, नीट बघा. तिच्यावर मदर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि साल आहे १७०७. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. अशीच एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. ही मेणवलीला आली. आता हिच्याशेजारी शंकर आहे, समोर कृष्णामाई आहे आणि अंगावर अजून मेरी आहे. कुणीही ती खरवडून काढली नाही.

नवऱ्यानं हलकेच टोला दिला. आवाज पाण्यावरून लांब गेला. खंडूनं दोन्ही कान टवकारले.

'याला हा आवाज ओळखीचा असणार,' सासरे म्हणाले. माझ्या पोटातला गोळा आणखी मोठा झाला.

'खंडू कोण?'

आजींच्या आळीत वळलो आणि खंडूनं पट्ट्याला असा हिसका दिला, की माझा खांदा निखळायचा बाकी राहिला. आजी दारात काठी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हाक मारलीच नाही. नुसतं म्हणाल्या, 'आलास?' आणि तो त्यांच्या पदरात तोंड खुपसून कण्हल्यासारखा आवाज काढत राहिला. आजी काठी टाकून ओट्यावर बसल्या. आम्ही तिघंही तेवढ्यात आळीचं निरीक्षण करून घेतलं.

आत बांधाबांध चालली होती. भिंतीवरच्या फोटोंच्या जागी चौकोनी डाग. आजींनी पोहे केले होते, त्याच्यासाठी दूध-भाकरी. सगळं छान चाललं होतं आणि तो खाऊन पुसून उडी मारून आजींच्या पलंगावर चढला. नवरा सवयीनं ओरडला, 'खंडू, खाली!'

तो उतरला. लगेच. शहाण्यासारखा.

'खंडू कोण?' आजी म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. घाईनं, अडखळत. सासऱ्यांचं नाव, मोका, चार नावं, टेकडी, खाण, डॉक्टर. 'सॉरी आजी. मी तुम्हाला शब्द दिला होता. पण तेव्हाच माहीत होतं, की जमणार नाही.'

आजी काही बोलल्या नाहीत. बराच वेळ. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

'बंडू माझ्या धाकट्या भावाचं नाव,' शेवटी त्या म्हणाल्या. 'तो गेला त्याच वर्षी हा घाटावरून माझ्यामागे चालत आला. पन्नास-साठ वर्षं ज्याला ए बंडू म्हणून हाक मारली, तो गेल्यावर ती हाक कुठे ठेवायची? याला दिली. याचं आधी काही नाव असेल, तर मी तरी कुठे विचारलं होतं?' त्यांनी खंडूच्या पडलेल्या कानावरून बोट फिरवलं. 'उतरला बघ कसा. ऐकतो तुमचं. झालं तर मग.'

पण त्यांना वाईट वाटलं होतं. ते दिसत होतं.

मग त्या सासऱ्यांकडे वळल्या. 'म्हणजे तुमचं नाव बंडू?'

'हो,' सासरे म्हणाले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, वर्गात उभं केल्यासारखा. 'घरचं नाव. पण आता तसं म्हणणारं कुणी नाही, ताई.'

तो 'ताई' त्यांच्या तोंडून कसा आला, त्यांनाच कळलं नसावं. आजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या ताटलीत न विचारता आणखी पोहे वाढले.

निघायची वेळ झाली. खंडूनं एकदा आजींकडे, एकदा आमच्याकडे बघितलं. माझा श्वास अडकला होता. 'जा,' आजी म्हणाल्या, 'खंडू, जा.' पहिल्यांदाच त्यांनी ते नाव घेतलं. तो वळला आणि गाडीत चढला.

सासरे दार लावत होते, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी.

'ए बंडू! नीट जा रे. पोचल्यावर फोन कर. आणि खंडूला सांभाळ!'

मागच्या सीटवर एक कान उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. पुढच्या सीटवरून मात्र लगेच उत्तर गेलं, 'हो ताई!'

आता दर रविवारी टेकडीवरून उतरलं, की सासऱ्यांचा बंगळुरूला फोन असतो. आम्हाला ऐकू येतं ते फक्त इकडचं. सुरुवात ठरलेली. 'हां ताई, बंडू बोलतोय.'

कसं जाल?
पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटर. सातारा रस्त्यानं सुरूर फाट्यापर्यंत, तिथून उजवीकडे. मेणवली वाईपासून ३ किलोमीटर. कुत्रा बरोबर असेल तर सकाळी लवकर निघा, दर दीड-दोन तासांनी थांबा, पाणी द्या आणि उन्हात बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही ठेवू नका. देवळात, वाड्यात एकानं आत जायचं, एकानं बाहेर थांबायचं.

नाव बदलताय?
नाव दोन अक्षरी, ठसठशीत ठेवा. 'बस', 'नको', 'ये' यांसारख्या रोजच्या आज्ञांशी जुळणारं नको. जुनं नाव चांगल्या घरचं असेल, तर त्याच्या जवळचा आवाज निवडा. सुरुवातीला दोन्ही नावं जोडीनं, मग फक्त नवं. प्रत्येक वेळी खाऊ आणि शाबासकी. नाव घेऊन रागावू नका. घरात सगळ्यांचं आधी एकमत करा. आणि जुन्या घरच्या माणसाला शब्द देण्याआधी दोन मिनिटं विचार करा!